रंग कुठला घालू?

सातगोंडा मगदूम यांची वॅगन-आर,
केए तेवीस, मागच्या काचेवर अहिंसेच्या हाताचं स्टिकर,
सकाळी साडेनवाला मुरगूड रोडवर आमच्या शटरपुढं उभी.
म्हणाले, आत लाईट पाहिजे. खाली. वर नको.
मी म्हटलं, पट्टी आहे, सोळा रंगांची, रिमोटसकट.
रंग कुठला घालू?

ते गप्प.
एक तारीख होऊन चारच दिवस झालेले.
चौकातल्या पताका अजून उतरवायच्या होत्या,
दंडावरच्या काळ्या फिती खिशात गेल्या होत्या,
आणि गाडी आठवड्यातनं तीनदा कोगनोळीचा नाका ओलांडणारी.
लाल न् पिवळा लागोपाठ नको, म्हणाले, तिकडं विचारतात.
भगवा नको, इकडं विचारतात.
हिरवा म्हटल्यावर दस्तगीरमामा
पान्यावरनं मान वर न करता हसला.
निळा? तोही कुणाचातरी.
पांढरा? दवाखाना वाटतो गा.
सोळापैकी एकही रंग बिनमालकाचा निघाला नाही.

म्हटलं, आधी वायर तर ओढू.
उंबऱ्याची पट्टी उचकटताना एक क्लिप तुटली
(बिलात धरली नाही).
डॅशबोर्डच्या मागं मामाचा हात जात नाही, माझा जातो.
मला आईची बोटं आलीत,
दिवसाला हजार विड्या वळणारी,
पानाची शीर न फाडता दुमडणारी.
तीच आता फ्यूजबॉक्सपाशी चाचपडत
बारा व्होल्ट शोधतात.
कार्पेटखाली सापडलं: दोनाचं नाणं,
तंबाखूच्या बोदाची सुतळी, करदंटातला बदाम,
आणि कानाच्या मशीनचा सेल, शर्टाच्या बटणाएवढा.
सेल त्यांनी उचलला, पुसला, खिशात टाकला.
मशीन घालत न्हाई आता ती, म्हणाले.
नुसता गोंगाट होतोय म्हणती.

दुपारी त्रिशलाबाई आल्या तेव्हा उलगडलं.
रात्री बेळगावहून परतताना
हत्तरगीच्या टोलपासनं निपाणीपर्यंत
नवरा-बायकोत एक शब्द नाही.
वरचा दिवा लावावा तर काचेत आपलीच तोंडं, रस्ता नाही.
न लावावा तर हात दिसत नाहीत,
आणि यांचं सगळं बोलणं हातात.

शटर खाली ओढलं. दोघं पुढच्या सीटवर बसली.
लाल लावला: बोटांच्या कडाच विरघळल्या.
निळ्यात हात दोन दिवस पाण्यात राहिल्यासारखे.
हिरव्यात अंगठा सापडेना.
जांभळ्याला बाईंनी नाक मुरडलं,
त्याला भाषांतर लागलं नाही.
मग एक पिवळट, जुन्या पोस्टकार्डासारखा.
उजेड कमी केला, आणखी कमी, तीन घरं खाली,
आणि तळव्यावरच्या रेषासुद्धा वर आल्या.
तिनं काहीतरी विचारलं.
त्यांनी गिअरवरचा हात उचलून काहीतरी सांगितलं.
ती मांडीवर थाप मारून हसली.
रिमोट धरून मी दारात उभी,
मराठी घरातली, कन्नड शाळेतली,
मामाची दख्खनी शिव्यांपुरती पाठ,
खरं इथं एक अक्षर कळेना.

हा रंग कुणाचा गं? मामानं हळूच विचारलं.
म्हटलं, गप बसा, कुणाला आठवण करून देऊ नका.

साडेअकराशे झाले. त्यांनी अकराशे दिले,
वर एक नारळ, कुठल्याशा पूजेतला.
अंधार पडल्यावर गाडी निघाली.
हायवेच्या वळणापर्यंत मागच्या काचेतनं दिसत होता
स्टिकरचा एक हात, आणि आत हलणारे दोन,
मग तीन,
मग चार.
मी सोल्डरिंगची सळी तशीच टाकून रस्त्यावर धावले:
अहो मगदूम, एक तरी स्टिअरिंगवर ठेवा की!