नाव काढलं

बोमेटच्या इस्पितळात, मागच्या खोलीत, फ्रीजरशेजारी
सेलिना चेप्तानुई अकरा वर्षं
नावं काढते आहे.
गिळताना दुखतं म्हणून डोंगर उतरून आलेला म्हातारा,
घशाखाली उगाली न उतरणारा बत्तीस वर्षांचा मास्तर,
कढत चहाशिवाय सकाळ न मानणारी तापकिगेन आजी.
नाव खोडायचं, नळीवर आकडा चिकटवायचा.
नियम आहे. चांगला नियम आहे,
रोग्याची अब्रू राखणारा.

थर्मामीटर घेऊन ती दारोदार गेली,
लोकांच्या कपात बुडवून पाहिलं:
बासष्ट. अडुसष्ट. एकाहत्तर.
लोक हसले. चहा निवला. तिनं तो तसाच प्यायला.
वीज गेली त्या रात्री बर्फाचं खोकं
मोटारसायकलवर, मांडीत धरून,
केरिचोपर्यंत.

निबंध छापून आला.
वाचायचे चाळीस डॉलर.
शेवटी तिकडच्याच एका विद्यार्थिनीनं गुपचूप पाठवला.
चौदा लेखक. पहिला बोस्टनचा, शेवटची लंडनची,
नवव्या जागी इथले डॉक्टर कोएच,
ज्यांनी मजकूर पाहिला तो छापल्यावरच.
पुढच्या निबंधांत हे सगळे मिळून
'पहिला आणि इतर' होतील.
सेलिना इतरांतही नाही.
तळाशी, बारीक टायपात:
स्थानिक कर्मचाऱ्यांचे आभार.

तिनं विचारलं. सौजन्यानं उत्तर आलं:
लेखक व्हायला लेखनात सहभाग लागतो.
लिहायला बोलावलं कुणी होतं?
हे तिनं टाइप केलं,
आणि पाठवलं नाही.

बाप म्हणायचा, ही पोर नाव काढील.

तापकिगेन आजी तपासणीला आली.
माझा तुकडा नेला होता, तो कुठंय?
सेलिनानं आकृती दोन उघडली.
उजवीकडे, वर, हा ठिपका. हा तुम्ही.
आजीनं बोट ओलं करून पडद्यावर टेकवलं,
जरा पुसून पाहिलं.
बरं. आणि तू कुठंयस?
बाहेर कुणीतरी खोकत होतं.
सेलिना खोकणाऱ्याला आत घ्यायला उठली.

नवी तुकडी तयार आहे. दोनशे अकरा नळ्या.
खोक्यावर रकाना: पाठवणाऱ्याचं नाव.
आजवर तिथं इस्पितळाचा शिक्का असे.
तिनं पेन घेतलं, संपूर्ण नाव लिहिलं,
बापाच्या नावासकट, अक्षरं ओळीबाहेर गेली तरी.

खोकं अजून फ्रीजरमध्येच आहे.
तिकडून तीन मेल आलेत.
तिसऱ्यात पहिल्यांदाच
'प्रिय सेलिना' आहे,
स्पेलिंग चुकलेलं.