बटण

महिन्यातला दुसरा शनिवार. कन्नमवार नगर, दुसरा मजला.
जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर,
चारी कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे.
सहा जण, दोनशे रुपये एन्ट्री,
आणि डीलरचं बटण म्हणून एक खरंच बटण:
ओव्हरकोटाचं, काळं, चार भोकांचं.

खटावकरांनी आणलेलं, परळच्या दुकानातून.
कुणी एक कॅनडाला निघाला होता.
माप दिलं, आगाऊ पैसे दिले, पुन्हा फिरकला नाही.
"मुंबईत ओव्हरकोट कोण घेणार, वहिनी?
शेवटी उसवला. अस्तराच्या पिशव्या शिवल्या.
बटण उरलं."

ते डावीकडे सरकतं, दर डावाला एक घर.
त्याच्या शेजारी छोटा ब्लाइंड, त्यापलीकडे मोठा.
पत्ते हातात यायच्या आधीच चिप्स पुढे ढकलायच्या.
ग्लेन म्हणतो, न बघता पैसे द्यायचे, हा कुठला न्याय?
खटावकर म्हणतात, भाडं आहे रे.
बसल्या जागेचं.
आणि दर वीस मिनिटांनी
मी कुकरसाठी घेतलेला टायमर वाजतो,
भाडं दुप्पट होतं.

आज साडेदहाच्या सुमाराला
छोट्या ब्लाइंडवर खटावकर.
होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स
सत्त्यांच्या जोडीवर लावल्या.
शेवटचा पत्ता उलटला, उज्ज्वलाला राणी लागली.
ते उठले. खुर्ची आत सरकवली,
पंगतीतून उठावं तसे हात झटकले,
आणि खिडकीच्या ग्रिलपाशी जाऊन उभे राहिले.

ग्लेननं बटण उचललं,
रिकामी खुर्ची ओलांडून छेडांपुढे ठेवलं.

"मागे घे."
पाठमोराच आवाज.
"मी गेलो म्हणून छेडांचा छोटा का सुटावा?
उज्ज्वलाचा मोठा का चुकावा?
माझ्या खुर्चीपुढे ठेव. खुर्चीची पाळी खुर्चीला."

ठेवलं.
अर्ध्या खाल्लेल्या कोथिंबीर वडीच्या ताटलीशेजारी
ते काळं बटण, समोर कुणी नाही.
छेडांनी कुरकुरत छोटा ब्लाइंड भरला.
पत्ते कोण वाटणार, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले,
तेव्हा खटावकरच आले,
आपल्याच खुर्चीच्या पाठीमागे उभे राहून पिसू लागले.
कापड चाचपणारी बोटं. एक पत्ता वाकडा जात नव्हता.

वाटता वाटता, कुणाकडेही न बघता म्हणाले,
"एकतीस तारखेला किल्ली द्यायचीय बिल्डरला.
पागडीचे काय ते ठरलं."

यासीननं पत्ते तसेच पालथे ठेवले.
"मग? पुढे?"

"पुढे काय," खटावकर म्हणाले,
"मोठा ब्लाइंड यायचाय अजून. कुणाचा?"

उज्ज्वलानं ढकलला.
आम्ही पत्त्यांचे कोपरे जेमतेम उचलले असतील
तेवढ्यात ओट्यावर टायमर वाजला.
हा डाव जुन्या दरानं.
पुढच्यापासून दुप्पट.