दीड आटा

दीड आटा आत गेली नळी आणि थांबली.
मे महिना, भुसावळ, दुपारचे तीन.
गच्चीवरच्या खाटेवर जुना टॉवेल,
टॉवेलावर हर्षालीची एअर रायफल, उघडी,
शाळेतल्या बेडकासारखी.

रविवारी जळगावला निवड चाचणी.
नवी नळी सकाळपासून उन्हातच पडून,
बाकीची बंदूक आत्ताच वर आणलेली, कूलरसमोरून.
हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

मला वाटलं, जोर कमी पडतोय.
पान्याच्या दांड्यावर हातपंपाचा पाइप चढवला,
पाय रोवला.
पाव आटा सरकली.
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखा आवाज आला,
पाना सटकला,
आणि नळीवर बोटभर ओरखडा.
हर्षाली काही बोलली नाही.
तिनं फक्त टॉवेलाचं टोक सरळ केलं.

शेजारच्या गच्चीवर बिबडे राखत बसलेले
सुपडू नाना फेगडे:
"काय करू राह्यला रे भाऊ?"
एकतीस वर्षं लोको शेडात, लेथवर;
उजव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आलेले.
कठडा ओलांडून आले. पान्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"जोर लावला का आटा मरते. सोड. उल्टं फिरव."

उलटं फिरवणं सुलट्याहून अवघड निघालं.
शर्ट पाठीला चिकटला, तेव्हा कुठे नळी सुटली.

नानांनी आटे घासलेटानं धुतले,
दातांच्या ब्रशनं, एकेका घळीतून.
मग नखानं वाचत गेले, ओळ न चुकवता.
चष्मा नव्हता. लागला नाही.
"सूत दे."
हर्षालीनं शिवणाच्या डब्यातलं रीळ आणलं.
आट्यांतून दोरा गुंडाळून ते हळूहळू ओढत राहिले.
तिसऱ्या फेऱ्याला दोरा अडला,
एक तंतू मागे राहिला, पांढरा, उभा.
"हे पाह्य. कुसळ हाये."

ज्वारीच्या कणसाला असतं तेवढंच, पण लोखंडाचं.
कारखान्यातून आलेलं, की माझ्या पाइपानं काढलेलं,
नानांनी विचारलं नाही.
बारीक कानस, तीन वेळा.
पुन्हा दोरा. आता नुसता घसरला.
"लगेच लावू नको. दोन्ही ठेव माठाच्या सावलीत.
खाली नाही, गंज धरीन. सावलीत.
लोखंडाले बी ऊन लागते."

सहा वाजले. यार्डात कुठलीशी मालगाडी
डबे जोडून घेत धक्के देत होती.
नानांनी नळी हर्षालीच्या हातात दिली, माझ्या नाही.
"आधी उल्टी. अन् ऐक."
तिनं डोळे मिटले, उलटी फिरवली,
आणि टक्.
आटा आट्यावरून खाली उतरला,
वाटीत वाटी बसावी इतकाच आवाज.
मग सुलटी, दोन बोटांनी.
दीड, दोन, चार... मी मोजायचं सोडलं.
नाना तोवर कठड्यापलीकडे, बिबडे गोळा करत:
"कावळ्यानं दोन नेले, तुमच्यापायी."

ओरखडा गेला नाही.
पॉलिश मारून देतो म्हटलं, तर म्हणाली, राहू दे.
आता ती उभी राहते, गाल टेकवते, श्वास सोडते,
तेव्हा तो तिच्या डाव्या हाताच्या थोडा पुढे चमकतो.
नेम धरताना तिकडे बघायचं नसतं.
बघते की नाही, मी विचारलेलं नाही.