वर्ग तीन

गुरुवारी दुपारी, तार्तूच्या प्रयोगशाळेत
इम्बीच्या पडद्यावर एक अक्षर येतं.
जिथे जी असायला हवा तिथे ए.
रक्त मारेतचं. वय चौतीस. राहणार ह्युमा बेट.
शाळेच्या तलावात पोहायला शिकवते.
आई लेइदा, सेहेचाळिसाव्या वर्षी, स्तनाचा कर्करोग.
वंशवृक्षात लेइदा म्हणजे एक वर्तुळ,
काळ्यानं भरलेलं, वरून तिरकी रेघ.

खाली प्रश्न: हे अक्षर दोषी आहे का?

बाहेर नदी गोठलेली.
एमायोगी तिचं नाव. म्हणजे आईनदी.
इम्बी खिडकी लावून घेते आणि शोधत बसते.

लाखो निरोगी माणसांच्या याद्यांत
हे अक्षर कुठंच नाही.
वाईट. पण जरासंच वाईट;
दुर्मिळ असणं हा काही गुन्हा नव्हे.
उंदीर, कोंबडी, कासव:
त्या जागेला युगानुयुगं कुणी हात लावलेला नाही.
फक्त बेडकात वेगळं आहे,
आणि बेडूक मजेत आहे.
एक संगणक म्हणतो, घातक.
दुसरा म्हणतो, छे.
तिसरा दशांश चिन्हाआड लपतो.

प्रत्येक चूक म्हणजे काही ध चा मा नव्हे.
पाणीऐवजी पानी लिहिलं तरी
तहान भागते.
पण दिनचा दीन झाला तर
एका वेलांटीत
अख्खा दिवस भिकेला लागतो.
ही कुठली?

पाच खण आहेत.
पहिल्यात निर्दोष, पाचव्यात गुन्हेगार.
इम्बी तिसरा उघडते.
तिथे नेहमीच गर्दी असते.

मारेत पत्र दोनदा वाचते.
‘म्हणजे हो की नाही?’
‘म्हणजे माहीत नाही,’ समुपदेशक म्हणते,
‘यावरून काही कापून टाकू नका.
यावरून निर्धास्तही होऊ नका.’

त्या हिवाळ्यात ती सात वर्षांच्या मुलांना
पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवते.
हात मारू नका. पाय मारू नका.
मान सोडा.
सगळ्यात अवघड हेच असतं, ती सांगते,
काहीच न करणं.
दर मार्चमध्ये स्वतः यंत्राच्या बोगद्यात
तशीच पडून राहते.

तिसऱ्या वर्षी इस्पितळाच्या तळघरात
लेइदाचा तुकडा सापडतो,
नखाएवढा, मेणात जपलेला, बावीस वर्षं.
इम्बी तो वाचते. मग परत वाचते.
तिथे जी आहे.
साधा, सरळ, छापील जी.

आईचं नव्हतंच ते.

मग बापाच्या बाजूला चौकशी.
समुद्र गोठल्यावर बर्फावरून रस्ता होतो,
त्या रस्त्यानं एका डब्यात
सल्मेआत्याचं रक्त येतं.
मारेतच्या बापाची आत्या. वय एकोणनव्वद.
अजून स्वतः मासे धुरावते,
जाळ्याच्या गाठी चष्म्याविना मारते.
तिच्यात ए आहे.
आयुष्यभर होता, कुणाला त्रास न देता,
घरजावयासारखा.
‘माझं आलं होय तुला?’ सल्मे फोनवर म्हणते,
‘कानही माझेच आहेत तुझे.
त्यांची तपासणी केली का?’

वाडग्यात वाढवलेल्या पेशींतही
ते प्रथिन आपलं काम चोख करतं.
इम्बी तीन खोडते, दोन लिहिते.
बहुधा निरुपद्रवी.
बहुधा हा शब्द खोडायला
एका सल्मेनं भागत नाही.

मारेतचा फोन येतो. आधी हसते.
मग बराच वेळ मागे तलावाचा आवाज,
शिट्टी, कुणाची तरी उडी.
‘मग आईला काय झालं होतं?’

इम्बीसमोर वंशवृक्ष उघडा आहे.
सल्मेच्या वर्तुळात तिनं आत्ताच
एक बारीक ठिपका दिलाय.
लेइदाचं वर्तुळ काळं होतं तसंच काळं.
त्याच्यासाठी खण नाही.
‘मार्चची तपासणी चुकवू नकोस,’ ती म्हणते.
‘नाही चुकवत.’

दोघीही फोन ठेवत नाहीत.