लाल बटण

सेन्सर गेला. गाडी चौऱ्याण्णवची,
पार्ट ना सक्करदऱ्यात मिळाला, ना मोमिनपुऱ्यात.
निकोडे मिस्त्रीनं रिले टाकला, एक फ्यूज,
आणि स्टिअरिंगखाली
जुन्या मिक्सरचं लाल बटण.
"आता तुमीच थर्मोस्टॅट, भाऊ.
काटा पायत राहा."

पाहतोय.
व्हेरायटी चौक, सेहेचाळीस अंश,
सिग्नलवरच्या हिरव्या जाळीखाली
सगळ्या स्कूट्या अंग चोरून उभ्या.
काटा अर्ध्यावर. अर्ध्याच्या जरा वर.
घाई करायची नाही,
उशीरही.
दाबलं
की पुढे काहीतरी घरघरतं,
काटा रुसल्यासारखा खाली येतो.

रात्री जेवताना
पोरगा गाडी भंगारात काढायचं बोलला,
मग माझ्याबद्दलही काहीबाही.
माझा हात ताटाखाली
चाचपडत राहिला.

उठलो.
कूलरमध्ये दोन बादल्या
पाणी टाकून आलो.