न नेलेली प्रत

कुकू तिया. नाव सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, कुंकू?
तो हसला. त्यांच्या डोंगरात
थोरल्या मुलाला कुकूच म्हणतात, प्रत्येक घरात.
हाक मारली की अख्खा डोंगर ओ देतो, म्हणाला.

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात आमचं बाइंडिंग.
आडनाव जिनगर. पणजोबा खोगिरं शिवायचे,
आम्ही प्रबंध शिवतो.
त्याचा होता ज्वारीवरच्या खोडमाशीवर.
एकशे बहात्तर पानं, गडद हिरवं रेक्झिन, पाच प्रती.
चार शेतकी कॉलेजात गेल्या.
पाचवी आईला. वाचता येत नाही तिला,
पण वजन तरी कळेल.

मग सुदानात त्यांच्या भागात लढाई पेटली.
खोलीचं डिपॉझिटही न घेता गेला.

बावीस वर्षं.
रद्दी कितीदा घातली, ती प्रत काढवली नाही.
खळ वाळेपर्यंत पुठ्ठे दाबायला वापरली,
खोटं कशाला बोलू.

यंदा जानेवारीत दारात रिक्षा थांबली.
खुब्यातला लोखंडाचा तुकडा काढून घ्यायला आला होता,
काठी, आणि फाइल धरलेला पुतण्या.
पुतण्या त्याला कमांडर म्हणत होता.
दादा गेले, मी म्हटलं. तो स्टुलावर बसला.

त्याचं मराठी पार झिजलं होतं.
कमांडर म्हणजे, बोटं मोजत म्हणाला, हिशोब.
माणसं सतराशे. चपला नऊशे.
गाढवं किती, मीठ किती दिवसांचं,
विहिरीवर आधी कोण.
गोळी मी फार कमी वेळा झाडली.

मग बराच वेळ काही नाही. समोर कटिंग मशीन चालू होतं.

एका वर्षी सैन्य येणार होतं, पीक उभं होतं.
कणसं... तो अडला, शब्द शोधला,
आणि सापडला तो अगदी शाबूत:
हुरड्यात होती.
त्यांच्या हाती लागू नये म्हणून पेटवायला सांगितली.
चार मैल. वास तुमच्या कॉलेजच्या शेतावरचाच,
थंडीत, शेण्यांवर भाजायचो तो.

त्यात आईचंही रान होतं.
तिनं विचारलं, कुणी लावली?
लोक म्हणाले, कुकूनं.
ती म्हणाली, कुठल्या?

मी प्रत काढून दिली. पुसलीसुद्धा नाही आधी.
त्यानं थेट पान एक्याण्णव उघडलं, तक्ता चौदा,
पेन्सिल मागितली,
मेलेल्या रोपांची बेरीज एकानं चुकली होती,
ती नीट केली. बाजूला सही.

आई? मी विचारलं.
त्यानं मान हलवली, त्यातून काही कळलं नाही.
मागच्या पुठ्ठ्यावर खळीचे डाग होते,
त्यांवरून अंगठा फिरवला.
ठेवा, म्हणाला. तुम्हाला वजन लागतं.

दुसऱ्या दिवशी कुणा मुलीचा प्रबंध दाबायचा होता,
संध्याकाळी हवा होता तिला.
माझा हात सवयीनं त्याच फळीकडे गेला.