दात मिटून म्हणायचा स्वर

रात्री अकराला मी भट्टी पेटवतो.
सांतियागो झोपतं तेव्हा आमच्या आळीतले निम्मे बाप
कोपरापर्यंत पिठात असतात,
दक्षिणेतून आलेले,
आडनावं आखूड करून घेतलेले.
माझं वेंचुमिल. हजेरीच्या वहीत 'मिल' एवढंच उरलं.
मिल म्हणजे स्पॅनिशमध्ये हजार.
मालक हसला. मीही हसलो.

शाळेत एकदा पाणी मागितलं,
'को' म्हणालो,
तर बाईंनी मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकवायला लावले.
तेव्हा कळलं, तहानसुद्धा
त्यांच्याच भाषेत लागली पाहिजे.

म्हणून तुला दिली नाही, यांकाराय.
शिळा पाव देतं का कुणी लेकराला?

आणि तू सतराव्या वर्षी
कपाटात मायक्रोफोन टांगून, कोटांच्या गर्दीत उभी,
माझ्याच मापुदुंगुनमध्ये भराभर काही बोलत होतीस.
रॅप म्हणे.
शब्द संध्याकाळच्या वर्गातून आणलेले,
शेजारणीने घरचीच वाटी परत करावी तसे.

मी दाराशी बूट काढत होतो.
'एपेवुन', तू म्हणालीस.
एपे म्हणजे जवळजवळ, वुन म्हणजे उजाडणं.
झुंजूमुंजू.
माझी घरी यायची वेळ.
पण तुझा उ गोल होता, ओठांचा चंबू केलेला,
त्यांचा उ.

तसं नाही गं! ओठ सैल सोड. दात मिट. आता म्हण.
कुठल्या भाषेत खेकसलो, आठवत नाही.
तू म्हणालीस. परत, म्हणालो. तू म्हणालीस. परत.
कपाटाच्या दारावर माझ्या पिठाळ हाताचे ठसे
आणि आत यंत्राचा लाल दिवा,
तो मला दिसलाच नाही.

शनिवारी सेरो नाविआच्या हॉलमध्ये
तीनशे पोरं, घामाचा वास, खुर्च्या भिंतीला लावलेल्या.
कणीक ओट्यावर आपटावी तसा ताल
आणि एकदम अंधारातून कुणी म्हातारा ओरडला,
तसं नाही गं!
मी मागे वळलो, कोण मेला मध्येच बोलतोय.
मीच होतो. स्पीकरमधून.
परत, म्हणत होतो,
आणि तीनशे पोरांनी दात मिटले.

तू चूकही ठेवलीस, गाण्यात. दोन्ही ठेवलंस.

सोमवारी वहीत सही करायला वाकलो.
'मिल'च्या आधी जागाच नव्हती.
मग समासात सुरुवात केली,
वेंचु,
तेलकट बोटांनी, मागच्याची रांग खोळंबवत.